सरावलेलं नाक

पुण्याहून रात्रभर प्रवास करून सकाळी गावच्या घराच्या पडवीत पाय ठेवला, की पहिल्या श्वासालाच घर भेटतं. चिऱ्याच्या भिंतींत मुरलेली ओल, कणगीतले उकडे तांदूळ, चुलीच्या धुराने काळवंडलेलं छप्पर, सुपात वाळत घातलेली आमसुलं, देवघरातलं खोबरेल. हे सगळे वास सुटे सुटे येत नाहीत. त्यांचा मिळून एकच वास झालेला आहे आणि जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठेही तो मला मिळालेला नाही. मी दरवेळी आईला म्हणते, "काय छान वास येतोय गं घराला!"

आई दरवेळी तेच म्हणते. "कसलो वास? माका तर काय येणा नाय."

मग ती माझी बॅग आत घेते, चेन उघडून कपडे बाहेर काढते आणि नाक जरा वर करते. "तुज्या बॅगेक मात्र पुण्याचो वास येता."

पुण्याचा वास म्हणजे कसला, हे मी तिला कितीदा विचारलं असेल. साबणाचा? गाड्यांच्या धुराचा? फ्लॅटमधल्या बंद कपाटाचा? ती मान हलवते. "सांगाक येणा नाय. पुण्याचो." मी तीच ओढणी नाकाशी धरून पाहते. मला काहीच येत नाही.

तोवर चहा होतो. शेजारच्या काकू डोकावून जातात, मी विहिरीवर तोंड धुऊन येते, आणि कधीतरी लक्षात येतं की घराचा वास गेला. गेला म्हणजे कुठेच गेलेला नाही. आमसुलं तिथंच आहेत, कणगी तिथंच आहे. अर्ध्या तासात माझ्यापुरता तो पुसला गेला. लहानपणी सुट्टीत मामाकडून परतले की मला याचं फार वाईट वाटायचं. मी मागीलदाराने परसात पळायचे, माडाखाली उभी राहून मोठमोठे श्वास घ्यायचे आणि पुन्हा घरात शिरायचे. एखाद्या क्षणापुरता तो परत यायचा, पहिल्यापेक्षा फिका. मला वाटायचं, माझं नाक दमलं.

नाक दमलेलं नव्हतं, किंवा नुसतं नाकच दमलेलं नव्हतं, हे कळायला पुढे पंचवीस-तीस वर्षं गेली. ते मला चिलटांनी शिकवलं.

प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना आमच्या प्रयोगशाळेत फळमाश्या पाळलेल्या होत्या. शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला. मराठी घरात तिला चिलट म्हणतात. पिकून काळी पडलेली केळी टोपलीत राहिली की जिकडेतिकडे उडतात, तीच ही. मक्याचं पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर एकत्र शिजवून बाटल्यांच्या तळाशी ओतायचं, वर माश्या सोडायच्या, कापसाचं बूच लावायचं. मोजायची वेळ आली की ईथरने गुंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शीखाली रंगाच्या कुंचल्याने एकेक बाजूला सारायची. त्या खोलीत पहिल्यांदा शिरले तेव्हा आंबूस, यीस्टच्या फसफसत्या वासाने मला मळमळलं होतं. पंधरा दिवसांनी वसतिगृहातली मैत्रीण म्हणाली, "तुझ्या ओढणीला काहीतरी आंबल्याचा वास येतोय." मला तेव्हा तो येत नव्हता. खोलीतही येत नव्हता आणि ओढणीलाही नाही.

त्याच काळात व्हेरॉनिका रॉड्रिग्ज हे नाव पहिल्यांदा वाचलं. त्या मुंबईतच, कुलाब्याच्या टोकाला समुद्राला लागून असलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये काम करत होत्या. आमच्या वसतिगृहापासून बसने सहज जाता येईल एवढ्या अंतरावर. मी कधी गेले नाही, त्यांना भेटले नाही, आणि त्याची चुटपुट आजही आहे.

त्यांचं कुटुंब मूळचं गोव्याचं. जन्म १९५३चा, केनियातला. शिक्षण आधी युगांडातल्या मकेरेरे विद्यापीठात, मग डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात. तिथून पदवी घेऊन त्या पीएच.डी.साठी थेट मुंबईत आल्या, ओबेद सिद्दीकींच्या हाताखाली. त्या काळात हुशार मुलं मुंबईहून परदेशी जात. या उलट्या वाटेने आल्या.

सिद्दीकींबद्दल चार ओळी लिहायलाच हव्यात. उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यात जन्मलेला हा माणूस अलीगढला शिकला, ग्लासगोला गेला, अमेरिकेत जीवाणूंच्या आनुवंशिकतेवर महत्त्वाचं काम केलं आणि १९६२मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून टीआयएफआरमध्ये रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा करायला मुंबईला आला. भौतिकशास्त्रज्ञांच्या आणि गणितज्ञांच्या संस्थेत जीवशास्त्राची एक खोली. पुढे सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियात सीमोर बेन्झर या शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेत काही काळ काढला आणि जीवाणू सोडून माश्यांकडे वळले. तिथे दोघांनी मिळून काही विलक्षण माश्यांचा अभ्यास केला. खोली तापली की या माश्या लुळ्या पडत आणि गार झाली की काही झालंच नाही अशा उठून उडू लागत. त्यांच्या एकाच जनुकात बिघाड होता आणि त्यामुळे उष्णतेत त्यांच्या मज्जातंतूंमधून संदेशच पुढे जात नसे. बिघडलेली माशी शोधायची, तिचं काय अडलंय ते पाहायचं, आणि त्यावरून धडधाकट माशीचं यंत्र कसं चालतं ते ओळखायचं, अशी ही रीत.

तीच रीत घेऊन रॉड्रिग्ज आणि सिद्दीकी माशीच्या चवीकडे आणि वासाकडे वळले. १९७८मध्ये दोघांचा पहिला शोधनिबंध भारतातल्याच इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात आला. त्यातल्या माश्या मला आजही डोळ्यांसमोर दिसतात. कुणाला साखर कळत नाही, कुणाला क्विनाइनचा कडूपणा कळत नाही, कुणाला एक ठरावीक वास येत नाही पण बाकीचे सगळे येतात. अशा माश्या निवडायला साधन काय, तर इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची काचेची नळी. एका फाट्यातून वास सोडायचा, दुसऱ्यातून नुसती हवा. माश्या खालून आत सोडायच्या आणि कुठल्या फाट्यात किती गेल्या ते मोजायचं. बस्स, एवढंच. हजारो माश्या, शेकडो तास, आणि हाताने केलेली मोजदाद. वास हा किती निसटता विषय आहे! त्याला धरता येत नाही, मोजता येत नाही, त्याला धड नावही देता येत नाही ("पुण्याचो", दुसरं काय?). त्याला या बाईंनी काचेच्या नळीत धरलं.

पुढे जर्मनीत ट्यूबिंगनला गेल्यावर त्यांनी आणखी एक सुंदर काम केलं. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तो साखर जास्त ओढतो. म्हणून माशीला किरणोत्सारी खूण असलेली साखर द्यायची, एखादा वास देत राहायचा, आणि नंतर मेंदूचे पातळ काप काढून बघायचं की साखर कुठे साठली. वेगवेगळ्या वासांना माशीच्या मेंदूत वेगवेगळ्या जागी खुणा उठल्या. वासाला मेंदूत पत्ता असतो, नकाशा असतो, हे त्या काळात असं दिसणं फार मोठं होतं.

आता या पत्त्यापर्यंत निरोप पोचतो कसा, हे सांगायला हवं, कारण माझी सगळी गोष्ट त्या निरोपावरच अडलेली आहे.

आपल्या नाकात अगदी वरच्या बाजूला, दोन डोळ्यांच्या मधोमध, ओलसर अस्तराचा एक लहानसा पट्टा असतो. तिथल्या मज्जापेशींना केसांसारख्या बारीक शेपट्या असतात आणि त्या शेपट्यांवर रिसेप्टर, म्हणजे वासाचे रेणू ओळखणारी प्रथिनं, बसलेले असतात. आमसुलाचा वास म्हणजे हवेतून आलेले काही रेणू. पण हे रेणू पेशीच्या आत जात नाहीत. कोकणातल्या घरात परका माणूस आला की तो पडवीतच थांबतो, आणि माजघरात निरोप दुसरंच कुणीतरी नेतं. पेशीचंही तसंच. रेणू रिसेप्टरला बाहेरूनच लागतो, रिसेप्टर जरासा आकार बदलतो, आतल्या बाजूचं एक प्रथिन जागं होतं, ते एका विकराला, म्हणजे एन्झाइमला, कामाला लावतं, आणि तो विकर सायक्लिक एएमपी नावाचा एक इवलासा रेणू भराभर बनवू लागतो. हा आतला निरोप्या. तो पेशीच्या भिंतीतली दारं उघडतो, विद्युतभारित कण आत शिरतात, आणि पेशी मेंदूकडे ठिणगी पाठवते. पेशींचं आपसातलं आणि आतलं बोलणं म्हणतात ते हेच.

या निरोप्याचा शोध नाकात लागला नाही. अर्ल सदरलँड यांना तो १९५०च्या दशकात यकृताच्या पेशींत सापडला. अ‍ॅड्रेनलिन पेशीच्या बाहेरच राहतं तरी आत साखर कशी सुटते, या प्रश्नाचा माग काढताना. त्यासाठी १९७१चं नोबेल त्यांना मिळालं. वासाच्या पेशींतही हाच निरोप्या राबतो, हे १९८५मध्ये दिसलं. आणि १९९१मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी उंदरावर्गातल्या प्राण्यात वासाच्या रिसेप्टरांचं अख्खं जनुककुटुंबच शोधून काढलं. सुमारे हजार जनुकं, सस्तन प्राण्यांतलं सगळ्यात मोठं कुटुंब. माणसात त्यांतली सुमारे ४०० कामाची उरली आहेत. त्या दोघांना २००४चं नोबेल मिळालं. माशीच्या नाकाची रचना आपल्याहून वेगळी आहे. तिथे रिसेप्टर हाच दार असतो आणि आतल्या निरोप्याची तिथे तेवढी गरज पडत नाही. माशीच्या बाबतीत हा निरोप्या भेटतो तो आणखी आत, अगदी अनपेक्षित जागी.

ती जागा म्हणजे आठवण.

१९७४मध्ये बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत चिप क्विन यांनी माश्यांना शिकवून दाखवलं. एका वासासोबत विजेचा सौम्य झटका द्यायचा, दुसऱ्यासोबत नाही. माश्या शिकल्या आणि झटक्याचा वास टाळू लागल्या. मग सुरू झाली न शिकणाऱ्या माशीची शोधाशोध. १९७६मध्ये सापडलेल्या पहिल्या माशीचं नाव डन्स. मराठीत याला नेमकं एकाच अक्षराचं नाव आहे, ढ. पुढच्या माश्यांना त्यांनी भाज्यांची नावं दिली. त्यातली एक रुटाबागा, सलगमच्या जातीचा एक कंद. या माश्यांना वास नीट येत होता आणि झटकाही जाणवत होता, पण दोहोंची सांगड काही बसत नव्हती. कारण शोधल्यावर जे निघालं ते वाचून मी पुस्तक मिटून खिडकीबाहेर बघत बसले होते. ढ माशीत सायक्लिक एएमपी मोडणारा विकर बिघडलेला होता. रुटाबागा माशीत तो बनवणारा. आपल्या नाकात "कुणीतरी आलंय" असा निरोप नेणारा जो रेणू, तोच "हे लक्षात ठेव" असाही निरोप नेतो. येण्याची बातमी आणि आठवण, दोन्हींचा निरोप्या एकच.

इथपर्यंतचं बरंच काही आता पाठ्यपुस्तकात असतं. मी शिकवतेही. पण ज्या कामामुळे हे सगळं माझ्या गावच्या पडवीशी येऊन जुळलं, ते त्यानंतरचं.

रॉड्रिग्ज पुढे बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात गेल्या. सिद्दीकींनी उभं केलेलंच ते केंद्र. तिथे आणि डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात मणी रामस्वामी यांच्या गटाबरोबर एक प्रश्न हाताळला जात होता. माशीला एखाद्या वासाची सवय होते म्हणजे नेमकं काय होतं? तीच वाय आकाराची नळी. एथिल ब्युटिरेटचा, म्हणजे अननसाची आठवण करून देणारा वास तीव्र असला तर माश्या तो टाळतात. पण आधी ३० मिनिटं त्यांना त्याच वासात ठेवलं तर मग त्या फारशा टाळत नाहीत. तो वास जणू त्यांच्यापुरता पुसला जातो. आणि चार दिवस ठेवलं तर ही सवय कित्येक दिवस टिकते.

३० मिनिटं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आईच्या हातचा चहा आठवला.

नाक दमलं असतं तर नाकाच्या पेशींनी बातमी पाठवणं कमी केलं असतं. पण इथे मुख्य बदल नाकाच्या पुढच्या टप्प्यावर होत होता. नाकाकडून बातमी मेंदूच्या ज्या पहिल्या चौकात पोचते, तिथे दोन प्रकारच्या पेशी असतात. एक बातमी पुढे नेणाऱ्या. दुसऱ्या आजूबाजूला पसरलेल्या, गाबा नावाचं रसायन सोडून पहिलीला गप्प करणाऱ्या. एकच वास परत परत येत राहिला की त्या वासाच्या पत्त्यावर गप्प करणाऱ्या पेशींची पकड घट्ट होते. फक्त त्याच पत्त्यावर, बाकीच्या वासांची वाट मोकळी राहते. आणि ही पकड घट्ट व्हायला गप्प करणाऱ्या पेशींत काय लागतं? रुटाबागा. सायक्लिक एएमपी बनवणारा तोच विकर. ज्या माशीत तो बिघडलेला, तिला वासाची सवयच होत नाही. तिच्यासाठी तो वास पहिल्या क्षणाइतकाच ताजा राहतो. चार दिवसांच्या सवयीला तर नवी प्रथिनंही बनवावी लागतात, जशी कुठल्याही पक्क्या आठवणीला लागतात.

म्हणजे वास न येणं हीसुद्धा एक आठवण आहे. मेंदू काही विसरत नाही. उलट त्याने तो वास इतका पाठ केलेला असतो की त्याच्या मापाचं झाकण तयार करून नेमकं त्याच्यावर बसवलेलं असतं. रामस्वामींनी २०१४मध्ये याला निगेटिव्हची उपमा दिली. जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मवर उजेडाच्या जागी काळं आणि काळ्याच्या जागी उजेड यायचा, तशी नेहमीच्या वासाची उलटी प्रत मेंदूत उमटते, आणि मूळ वास आला की दोघं एकमेकांना पुसून टाकतात. माणसाच्या नाकातल्या पेशीही काही सेकंदांत थोड्या मंदावतात, तेव्हा माझ्या पडवीत घडतं ते सगळंच माशीसारखं असेल असं मी म्हणणार नाही. पण चहा होईपर्यंत जे घडतं ते केवळ दमणं नाही, याबद्दल माझ्या मनात आता शंका राहिलेली नाही.

माश्यांच्या सवयीवरचा तो शोधनिबंध २०११मध्ये प्रसिद्ध झाला. लेखकांच्या यादीत व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांचं नाव आहे. त्या १० नोव्हेंबर २०१० रोजी कर्करोगाने गेल्या होत्या. केनिया, युगांडा, आयर्लंड, मुंबई, जर्मनी, पुन्हा मुंबई, मग बंगळुरू, इतक्या ठिकाणी जी बाई राहिली तिला किती घरांचे वास पहिल्या दिवशी आले असतील आणि किती घरांचे हळूहळू यायचे थांबले असतील. याचा त्यांच्या संशोधनाशी संबंध लावायचा मला हक्क नाही. पण त्यांच्याबद्दल वाचताना मला हेच सुचतं.

आपल्या भाषेत एक शब्द आहे, ज्याचा अर्थ आपण फार अरुंद करून टाकला. वासना. आज तो उच्चारला की मनात भलतंच येतं. जुन्या दर्शनांत मात्र वासना म्हणजे अनुभवाने चित्तावर ठेवलेला ठसा. या शब्दाचं मूळ काहीजण राहणं या अर्थाच्या 'वस्' धातूत शोधतात, तर काहीजण सुगंधित करणं या अर्थाच्या 'वास्'मध्ये. बौद्ध आचार्यांनी त्यासाठी तिळाचा दाखला दिलेला आहे. तीळ फुलांसोबत ठेवले की फुलं सुकून जातात, पण नंतर त्या तिळांचं तेल काढलं की तेलाला फुलांचा वास असतो. चित्तही तसंच वासवलं जातं. तीळ काही फुलाचा वास घेत बसत नाहीत. तो त्यांच्यात जाऊन बसतो. वास आणि वास्तव्य हे दोन शब्द एकमेकांना चिकटून का आहेत, हे मी विद्यार्थ्यांना तपासून सांगू शकत नाही, पण पडवीत उभी असताना मला ते कळल्यासारखं वाटतं.

२०२१च्या एप्रिलमध्ये मला कोविड झाला आणि तीन आठवडे वास गेला. फोडणीचा गेला, मोगऱ्याचा गेला, हे अपेक्षितच होतं. गोंधळात टाकलं ते दुसऱ्याच गोष्टीने. पुण्याच्या माझ्या फ्लॅटला वास असतो हे मला कधी जाणवलेलं नव्हतं. आईला माझ्या बॅगेतून यायचा तेवढाच. तरी त्या तीन आठवड्यांत घर परकं झालं. कुणाच्या तरी लग्नाला गेल्यावर उतरायला दिलेल्या खोलीसारखं. भिंती त्याच, पलंग तोच, आणि तरी काहीतरी नाही. जे येत नव्हतं ते गेल्यावर कळावं, याचा अर्थ मी माझ्यापुरता असा लावला की निगेटिव्ह तिथंच होती, मूळ चित्र यायचं थांबलं होतं. हा काही प्रयोग नाही, ही माझी समजूत आहे. वास परतला तेव्हा आधी कॉफी आली, मग साबण, मग बऱ्याच दिवसांनी ओल्या कापडाचा कुबटपणा. आणि मग एका सकाळी घर पुन्हा काहीच वास नसलेलं झालं. मी पलंगावर बसून रडले.

गेल्या पावसाळ्यात आई परसात घसरली. खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि एकटीने गावी राहायचं बंद झालं. ती पुण्याला आली ती पत्र्याची ट्रंक, दोन गोधड्या, अर्धं पोतं उकडे तांदूळ, बरणीभर आमसुलं आणि तिरफळांची पुरचुंडी घेऊन. लिफ्टमधून वॉकर टेकत आली, दारात थांबली आणि नाक वर केलं.

"हो काय तो," ती म्हणाली. "तुज्या बॅगेतलो."

पहिले दोन दिवस ती गॅलरीचं दार उघडं ठेवायला लावायची. रात्री झोप येईना. मी विचारलं, दुखतंय का? "नाय गो. घर परक्याचा लागता." तिची ट्रंक मी माझ्या खोलीत ठेवली होती. उघडली तेव्हा पडवीतला पहिला श्वास त्यातून तसाच्या तसा बाहेर आला आणि मी झाकण धरून तशीच उभी राहिले. दुसऱ्या दिवशी तो कमी होता. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम बाहेरून फिरून आले, जिना चढून आले, पटकन दार उघडलं. थोडा आला. पाचव्या दिवशी आई सकाळी गॅलरीचं दार लावून घेत होती. मी विचारलं, "येतो का गं अजून पुण्याचा वास?"

"कसलो?"

तिला आता सात महिने झाले. वरच्या मजल्यावरची एक अकरावीतली मुलगी माझ्याकडे जीवशास्त्राच्या शंका विचारायला येते. मधे परीक्षा आणि सुट्टी यामुळे दीड महिना आली नव्हती. परवा आली, चपला काढता काढता दारातच थबकली.

"मॅडम, तुमच्या घराला किती वेगळा वास येतो आता."

"कसला?"

तिने डोळे मिटले. "लाकडाच्या धुरासारखा. आणि काहीतरी आंबट. भाताचा पण. माहीत नाही... कुणाच्या तरी गावच्या घरासारखा."

मी तिच्या शेजारी उंबऱ्यात जाऊन उभी राहिले आणि खोल श्वास घेतला. काहीच आलं नाही. आतून वॉकरचा आवाज झाला.

"कोण इला गो?"